वस्तानच्या खाणीतली पाने

हजीऱ्याच्या खाडीत तिवराचे पान गळले, की बहुधा ते कुजते किंवा खेकड्याच्या पोटात जाते. क्वचित एखादे गाळाखाली झटकन गाडले जाते. हवा मिळत नाही आणि कुजणे थांबते. त्याच सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत अशीच गाडली गेलेली, पाच कोटी वर्षांहून जुनी पाने सापडली आहेत.

वस्तानचे नाव झाले ते मात्र अंबरामुळे, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेमुळे. तिथल्या राळेत अडकलेल्या कीटक-कोळ्यांच्या शंभरहून अधिक जाती 2010 मध्ये जाहीर झाल्या. राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची निघाली. एवढे कीटक समोर असताना पानांकडे कोण बघतो! पण त्या जंगलात ऊन-पाऊस किती होता, हे पानांनाच विचारावे लागते.

पान कोणत्या झाडाचे, हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचे ते टिकले कसे. नुसता ठसा असेल, तर आकार आणि शिरा तेवढ्या दिसतात. पानाचा कणही उरलेला नसतो. दाबल्या गेलेल्या पानाचा काळा पापुद्रा शिल्लक असेल, तर नशीब उघडले. रसायनांनी तो धुतला की वरची मेणचट त्वचा सुटी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे मोजता येतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की अनेक वनस्पतींत रंध्रे कमी होतात, त्यामुळे प्राचीन हवेचा अंदाज बांधता येतो. छिंदवाड्यातल्या मोहगावकलानला तर वनस्पतींच्या पेशींत सिलिका भरून त्यांचा दगडच झाला आहे. तिथे पातळ काप घेऊन आतली रचना पाहतात.

मग आकार. तिरप्या उजेडात दगड धरला की बारीक शिरा उठून दिसतात. उपशिरा थेट कडेला जातात की अलीकडेच वळून शेजारणीला मिळतात? कडा करवती की अखंड? थंड प्रदेशात करवती कडांच्या झाडांचे प्रमाण जास्त असते, हे बेली आणि सिनट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1915 मध्ये दाखवले. पिंपळासारखे लांब टोक असेल, तर पावसाचे पाणी चटकन निथळते.

नावाची गोष्ट फसवी आहे. नागपूर-चंद्रपूरच्या गोंडवन खडकांतल्या जिभेसारख्या पानांना वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी 1828 मध्ये ठेवलेले ग्लॉसोप्टेरिस हे नाव पानापुरतेच. त्याच झाडाच्या मुळांना व्हर्टेब्रेरिया म्हणतात. हवामानासाठी नाव लागतच नाही. पानांच्या आकारावरून हवामान ओळखण्याच्या जॅक वुल्फ यांच्या 1993 च्या पद्धतीत एका ठिकाणचे निदान 20 वेगवेगळे पर्णप्रकार हवेत, मग ते निनावी असले तरी चालतात.