वजन उचलताना भोवळ का येते?

गेल्या जानेवारीतील गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले होते. लालबागमध्ये घराजवळच असलेल्या व्यायामशाळेत पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावर मी तिसरी फेरी पूर्ण केली आणि चटकन उठून उभा राहिलो. क्षणार्धात डोळ्यांपुढे अंधारी आली, कान बधिर झाले, अंगाला गार घाम सुटला आणि पोटात ढवळू लागले. शिकवणाऱ्या तरुणाने प्रसंगावधान राखून मला चटईवर आडवे केले आणि माझे पाय बाकावर ठेवले. दोन-तीन मिनिटांत भान आले तेव्हा त्याने विचारले, "काका, सकाळी काही खाल्लं होतं का?"

"नाही."

"पाणी?"

"तेही नाही. काल सूर्यास्ताच्या आधी घेतलं तेवढंच."

तो गप्प झाला. मात्र आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेल्या माझ्या मनात हिशेब सुरू झाला. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्यास्त सहानंतर थोड्याच वेळात होतो आणि सूर्योदय सुमारे सव्वासातला. त्यापुढे ४८ मिनिटांनी नवकारशी, म्हणजे आठ वाजता. चौविहार पाळणाऱ्याच्या पोटात जवळजवळ चौदा तास अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. या चौदा तासांतले बारा तास उलटल्यानंतर, वयाच्या साठीत, रक्तदाबाची गोळी घेणारा मी वजन ढकलायला गेलो होतो. दोष व्रताचा नव्हता आणि वजनाचाही नव्हता. मी निवडलेली वेळ चुकीची होती.

आपल्या अनेक घरांत आज हेच घडत आहे. दुकान दहा-साडेदहाला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. त्यामुळे तरुण मुले एकतर पहाटे किंवा रात्री दहानंतर व्यायामाला जातात. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या आणि स्वतः वाचून पडताळलेल्या काही गोष्टी येथे मांडतो.

पहिले कारण श्वासाचे. जड वजन उचलताना आपण नकळत श्वास कोंडून जोर करतो. छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाबाचे मोठे चढउतार होतात. कॅनडातील संशोधकांनी १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या रोहिणीत नळी घालून मोजमाप केले. दोन्ही पायांनी वजन ढकलताना त्यांचा रक्तदाब सरासरी ३२०/२५० इतका चढला होता. वजन खाली ठेवताच तो वेगाने कोसळतो आणि मेंदूला होणारा पुरवठा काही क्षण कमी पडतो. उपाय साधा आहे. वजन उचलताना तोंडाने श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा; कोंडू नये.

दुसरे कारण एकाएकी थांबण्याचे. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. स्नायूंची हालचाल चालू असते तोवर रक्त वर ढकलले जाते. आपण थबकलो की ते पायांतच साचते. म्हणून फेरी संपल्यावर आधी बसावे, मग उठावे आणि दोन-चार मिनिटे सावकाश चालावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. डॉक्टरांनी माझा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तिसरे कारण पाण्याचे आणि अन्नाचे. शरीरात पाणी कमी असेल तर रक्ताचे आकारमान घटते. त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम फार जातो. मळमळीचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. कष्टाच्या वेळी रक्त स्नायूंकडे वळते आणि जठर-आतड्यांचा वाटा कमी होतो. मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम करताना हे अधिक जाणवते. त्यामुळे उपाशीपोटी जसे मळमळते, तसेच भरपेट जेवून लगेच वजन उचलल्यासही मळमळते.

चौथे कारण कानाचे. बाकावर उताणे होताना किंवा मान वळवताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटली आणि ते मिनिटभरात थांबले, तर अंतःकर्णातील सूक्ष्म कण जागेवरून सरकले असण्याची शक्यता असते. उतारवयात हे बरेच आढळते. डोके विशिष्ट क्रमाने वळवून कानाचे डॉक्टर हा त्रास सहसा बरा करतात.

'ताकद संपेपर्यंत उचलल्याशिवाय शरीर घडत नाही' असे तरुण सांगतात. आपल्या जुन्या वैद्यकाचे मत निराळे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवानानेही आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असे सांगितले असून, अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत तहान, थकवा, धाप यांच्या जोडीला ओकारीचाही उल्लेख आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्च झाली, अशी खूण सुश्रुताने दिली आहे. नवशिक्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी ही खूण लक्षात ठेवावी.

आता वेळेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. दोनच दिवस! तेव्हा रोज पहाटे धावपळ करण्याची गरज नाही. नवकारशीनंतर पाणी, दूध आणि एखादा खाखरा घ्यावा. पाऊण-एक तासाने वजने उचलावीत. तरीही दुकान वेळेवर उघडता येते. अथवा दुपारी चारच्या सुमारास गादीवर भावाला किंवा मुलाला बसवून जावे आणि परतून सूर्यास्ताआधी जेवावे. अष्टमी-चतुर्दशीला उपवास असेल तर तो दिवस व्यायामाचा नसावा. अठ्ठाईसारख्या तपात वजनांना पूर्ण विश्रांती द्यावी आणि पारण्यानंतर काही दिवस जाऊ देऊन निम्म्या वजनापासून पुन्हा आरंभ करावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चौविहाराच्या काळात वजन मुळीच उचलू नये. साखर उतरली तर ती तत्काळ तोंडात घालावीच लागते; व्रत की प्राण असा पेच स्वतःवर ओढवून का घ्यावा? तपाच्या काळात औषधांची मात्रा किती असावी, हेही आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

प्रत्येक भोवळ मात्र इतकी निरुपद्रवी नसते. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अनियमित धडधड, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, बोलण्यात अडखळ, एका बाजूची दुर्बलता, किंवा व्यायाम चालू असतानाच शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी जाऊन झोपू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. आम्हा लालबाग-परळकरांना के.ई.एम. जवळ आहे. कुटुंबात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल, तर व्यायामशाळेत नाव घालण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी. शेजाऱ्याला भोवळ आली तर त्याला उभे करू नये. आडवे करावे, पाय उंच ठेवावेत. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वासही नीट घेत नसेल, तर मदत बोलावून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहावे.

माझा हृदयालेख सुदैवाने व्यवस्थित निघाला. "व्यायाम बंद करू?" असे मी विचारले तेव्हा आमचे डॉक्टर हसून म्हणाले, "साहेब, वजन तेच ठेवा, वेळ बदला." आता मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला जातो. चौविहार पूर्वीसारखाच चालू आहे आणि त्या दिवसानंतर भोवळ आलेली नाही. घरातील मुलगा पहाटे किंवा रात्री उपाशीपोटी वजने उचलत असेल, तर त्याला रागावू नका. एवढेच विचारा: शेवटचे पाणी केव्हा प्यायलास?