जन्माआधीचं प्रथिन

२००८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या डोळ्यांतली भिंगं तपासून त्यांचं जन्मवर्ष बऱ्यापैकी अचूक सांगता येतं, हे दाखवून दिलं. कोपनहेगनचे नील्स लिनरूप आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी आधार घेतला अणुबाँबच्या चाचण्यांचा. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या स्फोटांमुळे हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेलं. हवेतून पिकांत, पिकांतून गाईच्या दुधात आणि आईच्या जेवणात हा कार्बन उतरला. गर्भाच्या डोळ्यात भिंग घडत असताना तो तिथे जाऊन बसला आणि पुढे आयुष्यभर हललाच नाही.

याच पद्धतीनं २०१६ मध्ये ज्युलियस नील्सन यांनी ग्रीनलंड शार्कचं वय काढलं. पाच मीटर लांबीची एक मादी सुमारे ३९२ वर्षांची निघाली. अंदाजात शे-सव्वाशे वर्षं इकडेतिकडे धरली, तरी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ती सर्वांत दीर्घायुषी ठरते.

हे शक्य होतं, कारण भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन कधीच बदललं जात नाही. त्वचा बदलते, रक्तपेशी बदलतात, हाडसुद्धा झिजून नव्यानं भरतं. भिंगावर मात्र कांद्यासारखे बाहेरून थर चढत राहतात आणि आतला एकही थर निघत नाही. जन्मावेळी शंभर मिलिग्रॅमहून हलकं असलेलं भिंग म्हातारपणी अडीचशेच्या आसपास पोचतं, आणि त्याच्या मध्यभागी आईच्या पोटात तयार झालेला गाभा तसाच असतो.

या भिंगात ढोबळमानानं दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिनं असतात. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच ऊतीत प्रथिनांची इतकी दाटी नाही. त्यातली बहुतेक प्रथिनं क्रिस्टॅलिन या कुळातली. स्वीडनचे कार्ल मर्नर यांनी १८९४ मध्येच त्यांचे वेगवेगळे प्रकार ओळखले होते. अल्फा, बीटा आणि गॅमा ही त्यांची आजची नावं. मधोमध ही दाटी जास्त आणि कडेला कमी, म्हणून प्रकाश एकदम न वळता हळूहळू वळतो.

एवढं दाट प्रथिन पारदर्शक कसं? याचं समाधानकारक उत्तर १९८३ मध्ये फ्रान्समधल्या मिरेय देले आणि आनेत तार्द्यू यांनी दिलं. क्रिस्टॅलिनचे रेणू स्फटिकासारखे ओळीत बसलेले नसतात. पण ते इतके जवळजवळ आणि समान विखुरलेले असतात की त्यांच्यावरून विखुरणारा प्रकाश एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो. या समतेत खंड पडू नये म्हणून भिंगाच्या पेशी परिपक्व होताना आपलं केंद्रक आणि मायटोकाँड्रिया मोडून टाकतात. केंद्रक गेल्यावर नवं प्रथिन बनवण्याचा मार्गच बंद होतो. मला या सगळ्या रसायनशास्त्राचं मर्म इथे दिसतं: पारदर्शकतेसाठी भिंगानं स्वतःची दुरुस्ती करण्याची ताकद सोडून दिली आहे.

मग सत्तर वर्षं सांभाळतं कोण? १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं की अल्फा क्रिस्टॅलिन हे नुसतं बांधकामाचं प्रथिन नाही. दुसऱ्या प्रथिनाची घडी विसकटायला लागली की ते त्याला धरून ठेवतं आणि गोळा होऊ देत नाही. पण गाभ्यातला त्याचा साठा ठरलेला असतो. दरवर्षी थोडं थोडं अल्फा क्रिस्टॅलिन असं गुंतून पडतं आणि मध्यम वयापर्यंत गाभ्यात मोकळं असं फारसं उरतच नाही.

दरम्यान प्रथिनांचे रेणू स्वतःही म्हातारे होत असतात. त्यांतल्या अ‍ॅस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाची डावी घडण आपोआप उजवीकडे उलटते. वयानुसार हे प्रमाण वाढत जातं, हे १९७७ पासून माहीत आहे. अशा उलटलेल्या जागी साखळीला बाक येतो.

ऑस्ट्रेलियातल्या रॉजर ट्रस्कॉट यांच्या गटाचं निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भिंगाला रक्तवाहिनी नाही. प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचवणारं ग्लुटाथायोन बाहेरच्या थरांत बनतं आणि झिरपत आत जातं. मध्यम वयात गाभ्याभोवती एक अडसर तयार होतो आणि हा पुरवठा रोडावतो. साधारण चाळिशी लागते त्याच सुमारास. गाभा कडक होण्याची क्रियाही तोवर बरीच पुढे गेलेली असते. आयुष्यभरात हा कडकपणा काही शेकडो पटींनी वाढतो. लहानपणी दहा-बारा डायॉप्टरपर्यंत फुगू शकणारं भिंग पन्नाशीत जेमतेम एक-दोन डायॉप्टरवर येतं आणि वर्तमानपत्र हात लांब करून धरावं लागतं.

वयानुसार भिंगाला येणाऱ्या पिवळेपणाचं कारण वेगळं. ट्रिप्टोफॅनपासून बनणारे कायन्युरेनिन जातीचे रेणू अतिनील किरण शोषून पडद्याचं रक्षण करतात. ग्लुटाथायोन कमी पडलं की तेच रेणू प्रथिनांना चिकटतात. भिंग पिवळं, मग तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडतो. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. त्यानंतरची त्यांची तांबूस-तपकिरी चित्रं आणि १९२३ च्या शस्त्रक्रियेनंतर परतलेला निळा रंग अभ्यासकांनी शेजारी ठेवून पाहिला आहे.

मधुमेहात ही वाट लवकर सरते. जादा ग्लुकोजचं भिंगात सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतं. साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबर हलतो, तो बऱ्याच अंशी यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मधुमेही उंदरांना अगदी थोडी हळद दिल्यावर मोतीबिंदू लांबलेला दिसला. माणसांबाबत तेवढ्यावरून काही सांगता येत नाही. चुलीच्या धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंध मात्र भारतातल्या अभ्यासांत माणसांतच आढळला आहे. घरात गॅस येणं हीसुद्धा डोळ्यांची काळजी आहे, आणि ती तशीच मोजली जावी असं मला मनापासून वाटतं.

मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांच्या जाहिराती दिसतात. त्यांवर विसंबून माणसं वर्षं घालवतात, याचं वाईट वाटतं. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये लॅनोस्टेरॉल या रेणूनं कुत्र्यांचे मोतीबिंदू निवळल्याचं प्रसिद्ध झालं आणि मोठी आशा निर्माण झाली, पण २०१९ मधल्या दुसऱ्या गटाच्या प्रयोगांत तसा परिणाम मिळाला नाही. म्हणून आज उपाय एकच: शस्त्रक्रिया करून गढूळ गाभा, अनेकदा ध्वनिलहरींनी फोडून, काढायचा आणि भिंगाभोवतीच्या त्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचं. पिशवीच्या कडेला मात्र काही जिवंत पेशी उरतात. त्या पुन्हा वाढू लागतात, क्रिस्टॅलिन असलेले नवे तंतू बनवायचा प्रयत्न करतात, आणि काही रुग्णांत पिशवीची मागची बाजू धूसर झाली की ती लेझरनं मोकळी करावी लागते.