ना लस, ना गोळी. तरी नारू हटला
नारूवर लस नाही आणि जंत मारणारे औषधही नाही. तरीही हा रोग भारतातून गेला.

त्याची सगळी वाट पाण्यातून होती. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून घागर भरायचे. कोणाच्या पायावरच्या फोडातून नारू जंताची मादी डोकावत असेल, तर पाणी लागताच ती हजारो अळ्या सोडी. त्या अळ्या खाणारा सायक्लॉप्स हा डोळ्याला जेमतेम दिसणारा जलजीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. साधारण वर्षभराने दोन-तीन फुटांचा दोऱ्यासारखा जंत कातडीबाहेर येऊ लागे. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला की जखम चिघळलीच. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेवर पडला, की वर्षाची कमाई गेली.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत रुग्ण होते. उपाय साधेच: पाणी कापडातून गाळणे, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकणे, पायऱ्या बुजवणे, हातपंप बसवणे. रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीसही ठेवले. सरकारी योजनेत असे व्यवहारज्ञान विरळच! शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये १४. मात्र आफ्रिकेतल्या चाडमध्ये आता कुत्र्यांनाही नारू होतो. तिथे बाधित कुत्रे बांधून ठेवणाऱ्या मालकांना बक्षीस मिळते आणि माशांची आतडी कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून उघड्यावर न टाकता पुरायला सांगितले जाते.