‘इको’ दाबले म्हणून पेट्रोल वाचते?

पुलगावहून आर्वीच्या रस्त्याला लागून विरूळपाशी समृद्धी महामार्गावर चढले, की ऑटोमॅटिक गाडीवाल्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘इको’ लावा आणि १२० ने निवांत जा, पेट्रोल वाचेल. दुसऱ्याला वाटते, एवढा मोकळा रस्ता मिळालाच आहे तर ‘स्पोर्ट’ लावावा, गाडीची खरी ताकद आता कळेल. बटण दाबल्यावर इंजिन बदलते, हे मात्र दोघेही धरून चालतात, आणि चूक नेमकी तिथे होते. सिलिंडर तेच, टाकीतले पेट्रोल तेच. बदलतात ते मुख्यतः संगणकाचे दोन निर्णय: गिअर कधी बदलायचा, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जेवढा पडला त्याचा अर्थ किती लावायचा. हे एकदा नीट समजले, की या बटणावर सर्वांत जास्त भिस्त ठेवली जाते तिथेच ते सर्वांत कमी कामाचे असते, हे पटायला वेळ लागत नाही. जिथे त्याचा खरा उपयोग आहे, तिथे ते सहसा कुणाला आठवतच नाही.

आधी आत काय घडते ते पाहू. जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल थेट इंजिनाच्या हवेच्या झडपेला जोडलेली असे. पाय जेवढा दाबला तेवढी झडप उघडायची. आता पेडलखाली सेन्सर असतो आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. ‘इको’मध्ये पाय एक तृतीयांश दाबला तरी झडप त्याहून कमी उघडते, आणि गिअरबॉक्स लवकर लवकर वरच्या गिअरमध्ये जातो. ‘स्पोर्ट’मध्ये उलट: तेवढ्याच पायाला झडप जास्त उघडते आणि खालचा गिअर रेंगाळत राहतो. सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये ठराविक गिअर नसतात; तिथे ‘स्पोर्ट’ म्हणजे इंजिनाचे फेरे चढे ठेवणे, एवढेच. लवकर वरचा गिअर पडल्याने इंधन का वाचते, याचे कारण पेट्रोल इंजिनाच्या स्वभावात आहे. झडप अर्धवट मिटलेली असताना हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते, आणि फेरे वाढले की आतले घर्षणही वाढते. म्हणून हवी तेवढी शक्ती ३,५०० फेऱ्यांवर मिटल्या झडपेने काढण्यापेक्षा १,८०० फेऱ्यांवर जरा उघड्या झडपेने काढणे स्वस्त पडते. ही युक्ती अलीकडची नाही. १९८० च्या दशकातच टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला आणि बीएमडब्ल्यूतल्या झेडएफच्या गिअरबॉक्सला असा निवडीचा खटका होता. आपल्याकडे ती सामान्य घरापर्यंत पोहोचायला २०१४ उजाडले. त्या वर्षी मारुतीने सेलेरियोत एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारी पद्धत, आणली आणि ऑटोमॅटिक ही श्रीमंतांची चैन राहिली नाही. पुढच्याच वर्षी नॅनोच्या एएमटीतही ‘स्पोर्ट’ मोड आला होता, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही.

तेव्हा ‘इको’त गाडी कमजोर होते, ही समजूत बहुतेक पेट्रोल गाड्यांपुरती खोटी आहे. पेडल पूर्ण तळाला नेले, की संगणक बचतीचा विचार बाजूला ठेवतो, दोन गिअर खाली येतो आणि इंजिन देऊ शकते ते सगळे देतो. अपवाद आहेत. काही डिझेल एसयूव्हींत आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बचतीच्या मोडमध्ये ताकद खरोखर कापलेली असते. आपली गाडी कोणत्या जातीची, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून असते, तो भाग वेगळा.

आता समृद्धीवरचा हिशेब. हलक्या वाहनांना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हजार-अकराशे किलोची लहान गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० ने स्थिर धावत असेल, तर ढोबळ मानाने १२ किलोवॅट, म्हणजे १६ अश्वशक्ती पुरते. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग नुसता वारा कापण्यात जातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: १०० वरून १२० वर गेलात तर तो ४४ टक्के जास्त, ८० च्या तुलनेत १२० ला सव्वादोन पट. टायरचे घर्षण जमेस धरूनही दर किलोमीटरला करावे लागणारे काम १०० च्या तुलनेत १२० ला सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. इंजिनावर भार आला की ते थोडे अधिक कार्यक्षम चालते, त्यामुळे पेट्रोल अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढते हे नक्की. या सगळ्यात ‘इको’ काय करणार? स्थिर वेगात साधा ‘डी’ मोडही गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्येच नेऊन ठेवतो. त्याच्या वर गिअरच नाही, मग ‘इको’ तरी कुठला टाकणार? इथे फरक पडेल तो ‘स्पोर्ट’ने, आणि तोही तोट्याचा, कारण काही गाड्या त्या मोडमध्ये शेवटचा गिअर टाकतच नाहीत. समृद्धीवर इंधन वाचवायचे असेल तर ते वेगाच्या काट्यावर वाचते. १२० ऐवजी १०० ने गेले तर दर शंभर किलोमीटरला दहा मिनिटे जास्त लागतात. ती द्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: “आम्ही स्वतः पाहिले आहे, ‘इको’ लावल्यापासून अ‍ॅव्हरेज वाढले.” वाढले असेल, ते खोटे म्हणायचे कारण नाही. मात्र श्रेय कुणाचे, ते तपासले पाहिजे. ज्याने हौसेने ‘इको’ दाबले, त्याने त्या दिवशी पायही आवरलेला असतो. पुढे सिग्नल किंवा रेल्वेचे फाटक दिसले की तो आधीच पाय काढतो, ब्रेक कमी मारतो. बटणाचा खरा वाटा आहे तो अशा थांबत-सुटत चालणाऱ्या रस्त्यावर, जिथे दर दोन मिनिटांनी गाडी शून्यातून उचलावी लागते. तिथे ते उतावळ्या पायाला लगाम घालते. पण गाडी सुस्त वाटली म्हणून चालकाने पेडल आणखी दाबले, तर संगणकाने कमी केलेले त्याच्या पायाने परत मिळवले, आणि बचत शून्यावर आली. शिवाय पडद्यावर दिसणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा हा अंदाज असतो. खरे ताडून पाहायचे तर टाकी काठोकाठ भरून, नेहमीच्याच रस्त्यावर दोन-तीन टाक्या एका मोडमध्ये आणि तेवढ्याच दुसऱ्यात चालवून किलोमीटरना लिटरने भागायला हवे. एवढे करणारा विरळा.

याच्याच शेजारची आणखी एक समजूत म्हणजे ऑटोमॅटिक गाडी मुळातच जास्त पेट्रोल पिते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांबद्दल ते खरे होते. एएमटी मात्र आतून मॅन्युअल गाडीच असते. क्लच आणि गिअर हलवायचे काम तेवढे यंत्र करते. २०१४ च्या सेलेरियोत दोन्ही प्रकारांचा जाहीर आकडा सारखाच होता, लिटरला २३.१ किलोमीटर. हे आकडे मात्र जपून वाचावेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर धावते. एसी बंद असतो, चाचणी जेमतेम वीस मिनिटांची, आणि त्यात वेग ९० च्या वर जात नाही. समृद्धीवरच्या १२० चा तिथे संबंधच येत नाही.

मग ‘स्पोर्ट’ कशासाठी? शर्यतीसाठी तर नाहीच. एखाद्या दुपदरी रस्त्यावर कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे आहे, समोरून येणारा रस्ता थोडा वेळ मोकळा दिसतो आहे, अशी स्थिती घ्या. ट्रॉलीमागे ताशी ४० ने रेंगाळताना ‘डी’ किंवा ‘इको’मधल्या गाडीने आधीच चौथा गिअर टाकलेला असतो आणि इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास पेंगत असते. आता जोरात पाय दिला, की एएमटीला आधी क्लच सोडवावा लागतो, मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर यावे लागते, मग क्लच पुन्हा जोडावा लागतो. तेवढ्या वेळात चाकांना काहीच ओढ मिळत नाही, आणि गाडी तर उजव्या बाजूला आलेली असते. चालक म्हणतो, गाडीला पिकअपच नाही. पिकअप असतो, पण उशिरा येतो. हेच ‘स्पोर्ट’ ट्रॉलीमागे असतानाच लावले, तर खालचा गिअर आधीच पडलेला असतो आणि पाय दिल्याबरोबर गाडी उचलते. ट्रॉली मागे पडली की पुन्हा ‘डी’. या पाव मिनिटाला लागणारे जास्तीचे पेट्रोल मोजण्यासारखे नसते. क्रम मात्र महत्त्वाचा: बाहेर पडल्यावर घाईने बटण शोधण्यात काही अर्थ नाही, तेव्हा गिअर बदलायचा वेळ जातो तो जातोच.

‘स्पोर्ट’ने इंजिन लवकर खराब होते, हाही धाक बराचसा निराधार आहे. फेऱ्यांची लाल रेघ सगळ्या मोडमध्ये तीच असते आणि संगणक ती ओलांडू देत नाही. एएमटीचा क्लच खरा झिजतो तो चढावर, उड्डाणपुलाच्या तोंडाशी वाहने अडली असताना, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्याने. तिथे मोड कोणताही असो, झीज सारखीच.

उताराबद्दलचा समज तर नेमका उलटा आहे. फेरे वाढले म्हणजे पेट्रोल वाढले, असे वाटून अनेक जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, तर आजची इंजिने पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतात. चाकेच इंजिन फिरवत असतात. म्हणजे इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना खालच्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवर गुरगुरणारी गाडी त्या क्षणी थेंबभरही जाळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावे लागते, त्याला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते, आणि वर सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ‘स्पोर्ट’ किंवा हाताने खालचा गिअर, हेच सुरक्षित आणि हेच काटकसरीचे.

राहिला एसी. काही गाड्यांत, उदाहरणार्थ होंडाच्या ‘इकॉन’ बटणात, बचतीचा मोड एसीलाही आवर घालतो: कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो किंवा पंखा मंदावतो. डिसेंबरात ते जाणवतही नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर मात्र ‘एसी बिघडला’ म्हणून गाडी गॅरेजात नेण्याआधी डॅशबोर्डवर ‘इको’चे हिरवे पान पेटलेले आहे का, एवढे पाहावे. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा खाली करून दोन मिनिटे चालवावी, साध्या मोडमध्ये एसीने ती थंड होऊ द्यावी, आणि मग हवे तर ‘इको’ लावावे.