ग्राफिक्स कार्ड निवडताना : आधी घर पाहा, मग जाहिरात

शहरात राहणाऱ्या आणि संगणकाची थोडीफार माहिती असणाऱ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा तरी गावाकडून एक ठरावीक दूरध्वनी येतो. 'मुलाला संगणक घ्यायचा आहे. त्याला त्यावर खेळही खेळायचे आहेत. कोणते ग्राफिक्स कार्ड घेऊ?' आपण घाईघाईत एखादे नाव सांगून मोकळे होतो. परंतु पलीकडे त्या नावावर कुटुंबाच्या वर्षभराच्या बचतीतला मोठा हिस्सा खर्च होणार असतो, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीचे उदाहरण घेऊ. धानाच्या बांध्या आणि जुना किल्ला ही या गावाची ओळख. राष्ट्रीय महामार्गावरील साकोली हे जवळचे मोठे ठिकाण, तर नागपूर शंभराहून अधिक किलोमीटरवर. समजा, येथील एका घरात धान विकून आलेल्या पैशांतून मुलाच्या संगणकासाठी पंचावन्न-साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्यातले वीस हजारांच्या आसपास ग्राफिक्स कार्डासाठी. ही रक्कम पुन्हा उभी राहणे कठीण, म्हणून निवड एकदाच आणि नीट व्हायला हवी. अशा वेळी कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत, ते क्रमाने पाहू. पुण्या-मुंबईतील वाचकालाही हे प्रश्न तितकेच लागू पडतात.

कार्ड नेमके करते काय?

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'फुल एचडी' पडद्यावर रंगांचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख चौऱ्याहत्तर हजार ठिपके असतात. खेळातील हालचाल सलग दिसण्यासाठी अशी साठ चित्रे दर सेकंदाला तयार व्हावी लागतात. म्हणजेच एका सेकंदात बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो.

रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. कोणत्या बांधीत कोणते रोप लावायचे, पाणी कधी सोडायचे, हे ठरवणारा अनुभवी शेतकरी म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. पण ओळीने वाकून शेकडो रोपे लावण्याचे काम तो एकटा करू शकत नाही. त्यासाठी एकाच वेळी तेच काम करणारे अनेक हात लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हे हात. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड जगातील पहिला 'जीपीयू' म्हणून बाजारात आणले. २०१९ मधील साध्या 'जीटीएक्स १६५०' मध्ये असे ८९६ गणनकेंद्र आहेत, तर २०२३ मधील 'आरटीएक्स ४०६०' मध्ये ३०७२. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा पिढ्यांच्या कार्डांची तुलना केवळ या संख्येवरून करू नये. हात किती, याइतकेच ते किती चपळ, हेही महत्त्वाचे असते.

कार्ड लागतेच का?

पहिला प्रश्न हाच विचारावा. मुलगा प्रामुख्याने 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळ खेळणार असेल, तर रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारख्या प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले ग्राफिक्सही काम भागवते. आज असा प्रोसेसर घेऊन, दोन समान मेमरी पट्ट्या बसवून, पुढे गरज भासल्यास कार्ड घेणे हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक'सारख्या खेळांना याहून थोडे अधिक बळ हवे. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) किंवा 'डूम : द डार्क एजेस' (२०२५) यांसारखे खेळ मात्र प्रकाशकिरणांची गणना करणारी खास सोय कार्डात असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. जीटीएक्स मालिकेची कार्डे तेथे बाद ठरतात.

दुसरा प्रश्न पडद्याचा. १४४० रेषांच्या पडद्यावर फुल एचडीच्या पावणेदोन पट, तर 'फोर के'वर चौपट ठिपके रंगवावे लागतात. त्यामुळे कमी खर्चात संगणक उभारताना फुल एचडी पडद्यावरच थांबणे हिताचे. महागडा पडदा आणि दुबळे कार्ड ही जोडी सर्वांत निराशाजनक असते.

मेमरीचा आकडा आणि नावातली गोम

दुकानात सर्वप्रथम सांगितला जाणारा आकडा म्हणजे कार्डाची मेमरी. 'चार जीबीचे कार्ड आहे' हे वाक्य ऐकून अनेकजण फसतात. २०१४ मधील 'जीटी ७३०' हे कार्डही चार जीबी मेमरीसह मिळत असे, पण त्यात बहुधा संथ डीडीआर३ मेमरी असे आणि खेळांसाठी त्याचा फारसा उपयोग नव्हता. खळे मोठे असून चालत नाही, मळणीचा वेगही हवा. म्हणून मेमरी किती, यासोबत ती कोणत्या प्रकारची (किमान जीडीडीआर६) आणि तिचा मार्ग किती बिटचा, हेही विचारावे. उलट बाजूही तितकीच खरी. खळ्यात जागाच नसेल, तर पुंजण्यातून थोडे थोडे धान आणत फेऱ्या माराव्या लागतात. त्याचप्रमाणे कार्डाची मेमरी भरली की माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून ओढावी लागते आणि खेळ अडखळू लागतो. नव्या मोठ्या खेळांसाठी चार जीबी आता अपुरी पडते. सहा ही किमान, तर आठ ही सोयीची पातळी मानावी.

नावे तर याहून फसवी. 'आरटीएक्स ३०५०' या एकाच नावाखाली दोन निराळी कार्डे विकली गेली. जानेवारी २०२२ मधील आठ जीबीच्या कार्डात २५६० गणनकेंद्रे, १२८ बिटचा मार्ग आणि १३० वॅटची गरज. फेब्रुवारी २०२४ मधील सहा जीबीच्या कार्डात मात्र २३०४ गणनकेंद्रे, ९६ बिटचा मार्ग आणि ७० वॅटची गरज. खोक्यावरचे नाव एकच, पण वेग वेगळा. एएमडीच्या 'आरएक्स ६५०० एक्सटी' (२०२२) या कार्डाची अडचण आणखी निराळी. ते मदरबोर्डशी केवळ चार पदरी मार्गाने जोडले जाते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसवल्यास त्याचा वेग जाणवण्याइतका घटतो. म्हणजे ज्यांच्याकडे जुना संगणक आहे, त्या काटकसरी ग्राहकांनाच त्याचा फटका बसतो.

वीज : सर्वांत दुर्लक्षित बाब

कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. अनेक घरांत कार्यालयातून निघालेला, नूतनीकरण केलेला ब्रँडेड संगणक स्वस्तात घेतला जातो. त्यातील एसएमपीएस अनेकदा दोनशे वॅटच्या आसपासचा असतो आणि कार्डासाठी वेगळी वायर नसते. अशा संगणकात सहा जीबीचे 'आरटीएक्स ३०५०' हाच जवळजवळ एकमेव नवा आणि सुरक्षित पर्याय, कारण त्याच्या बहुतेक आवृत्त्या खाचेतल्या विजेवरच चालतात. संगणकाचा डबा लहान असेल, तर कमी उंचीची आवृत्ती घ्यावी.

नवा संगणक जुळवत असाल, तर कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापले आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला, नामांकित बनावटीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. येथे वाचवलेले हजार रुपये पुढे वीस हजारांचे कार्ड घेऊन जाऊ शकतात.

गावात वीज खंडित होणे, दाब खालीवर होणे हे नित्याचे असते. म्हणून यूपीएस हा चैनीचा नव्हे, तर आवश्यक भाग समजावा. बाजारातील सर्वसाधारण ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. १३० वॅटचे कार्ड, ६५ वॅटचा प्रोसेसर, इतर भाग आणि पडदा मिळून खेळताना अडीचशे वॅटच्या आसपास लागतात. हा यूपीएस तेवढा भार काही मिनिटे सांभाळतो. तेवढ्या वेळात खेळ जतन करून संगणक बंद करता येतो. कार्डच सव्वादोनशे वॅटचे असेल, तर हे गणित कोलमडते. घरी इन्व्हर्टर असल्यास तो 'यूपीएस मोड'वर ठेवावा, म्हणजे वीज जाताच तो लवकर भार उचलतो. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे आणि पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. राहिला वीजबिलाचा प्रश्न. अडीचशे वॅट, रोज तीन तास या हिशेबाने महिन्याला साधारण साडेबावीस युनिट खर्च होतात.

विदर्भाचा उन्हाळा

परदेशी संकेतस्थळांवरील कार्डांच्या चाचण्या वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सानगडीतील खोलीचे तापमान चाळिशीच्या घरात असू शकते. खोली पंधरा अंशांनी तापली, तर कार्डही साधारण तेवढेच अधिक तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. म्हणजे पैसे ज्या वेगासाठी मोजले, तोच उन्हाळ्यात हाती लागत नाही. त्यामुळे कमी वॅटचे, दोन पंख्यांचे कार्ड आणि समोरून हवा घेणारे कॅबिनेट निवडावे. खेळात चित्रांचा वेग सेकंदाला साठवर मर्यादित केल्यास उष्णता लक्षणीय घटते. कूलरचा ओलसर झोत थेट संगणकावर मात्र सोडू नये.

जुने कार्ड घ्यावे का?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील सगळीच वाईट नसतात, पण पारख हवी. कार्ड समोर अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर अनेक बनावट कार्डे ओळखते. जुन्या चिपवर नव्याचे नाव चढवण्याचे प्रकार झालेले आहेत. शिवाय 'जीटीएक्स १०५० टीआय'सारख्या दहाव्या मालिकेच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. त्यांना यापुढे केवळ सुरक्षेपुरत्या सुधारणा मिळणार आहेत. त्यामुळे अशा कार्डाला अगदी किरकोळ किंमत असेल, तरच हात लावावा.

हमी आणि बिल

भारतात नव्या कार्डावर बहुधा तीन वर्षांची हमी असते. पण कार्ड बिघडल्यास ते कोठे द्यायचे, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. नागपुरात सेवा केंद्र असलेली बनावट चार-पाचशे रुपयांनी महाग असली, तरी तीच घ्यावी. कार्ड मुंबईला पाठवून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा ते परवडते. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. घरपोच मागवल्यास खोके उघडताना चित्रीकरण करावे. फसवणूक झालीच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सानगडीच्या ग्राहकाला त्यासाठी मुंबई किंवा बंगळूरू गाठावे लागत नाही.

मग घ्यावे कोणते?

जुना ब्रँडेड संगणक असेल, तर सहा जीबीचे 'आरटीएक्स ३०५०'. नवा संगणक आणि केवळ खेळ हाच हेतू असेल, तर एएमडीचे आठ जीबीचे, १३२ वॅटचे 'आरएक्स ६६००' (२०२१) अजूनही दिलेल्या पैशांचा चांगला मोबदला देते. मात्र एएमडीने २०२५ च्या अखेरीस या मालिकेचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत हलवले आणि त्यावर टीका झाल्यावर नव्या खेळांसाठी गरजेनुसार सुधारणा देत राहू, असे स्पष्ट केले. हे लक्षात ठेवूनच दर ठरवावा. इंटेलच्या 'आर्क बी५७०' आणि 'बी५८०' या कार्डांत अनुक्रमे दहा आणि बारा जीबी मेमरी आहे. पण त्यांना 'रिसायझेबल बार' ही सोय असलेला तुलनेने नवा मदरबोर्ड आणि बऱ्यापैकी सक्षम प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकात त्यांचा वेग पडतो.

मुलाला खेळाबरोबरच त्रिमिती चित्रण, चित्रफीत संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची असेल, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डाकडे झुकावे. 'आरटीएक्स ४०६०' (११५ वॅट) किंवा जुलै २०२५ मधील 'आरटीएक्स ५०५०' (१३० वॅट) ही दोन्ही आठ जीबीची कार्डे त्या दृष्टीने पाहावीत. थोडे अधिक पैसे लागले, तरी या क्षेत्रांतील बरीचशी सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या 'कुडा' प्रणालीवर आधारलेली आहेत. पुण्याच्या सी-डॅकमध्ये २०२० साली उभा राहिलेला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणकही एनव्हिडियाच्याच जीपीयूंवर चालतो. खेळण्यासाठी म्हणून आलेली वस्तू अशा रीतीने पोटापाण्याच्या विद्येचे साधनही होऊ शकते. खर्चाविषयी साशंक असलेल्या वडिलांना हे आवर्जून सांगावे.

तात्पर्य इतकेच, की सर्वांत चांगले कार्ड असे काही नसते. घरची वीज, खोलीतली उष्णता, पुढ्यातला पडदा आणि हाताशी असलेले सेवा केंद्र यांना पेलेल तेच कार्ड चांगले. पुढच्या वेळी गावाकडून दूरध्वनी आला, तर लगेच नाव सांगू नका. आधी एवढेच विचारा, 'एसएमपीएस किती वॅटचा आहे आणि यूपीएस आहे का?'