“सर, आमचं तोंड कुठंय?”

आईचा मोबाईल हातात आला की तुम्ही फोटो काढता की नाही? काढतच असणार! मीही काढायचो. पण बटन दाबणं वेगळं आणि फोटो काढणं वेगळं, हे मला चौथीतल्या एका मुलीने शिकवलं. आधी तिचीच गोष्ट सांगतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात शिक्षक आहे. आमच्याकडची पुष्कळ कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं, शेळ्या, कोंबड्या, सगळा संसार भरायचा आणि घराला कुलूप लावायचं. कारखान्याचा पट्टा पडला की मग परत. तोवर पाच-सहा महिने जातात. काही मुलं आईवडिलांबरोबर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिकतात.

त्या वर्षी मी पगारातून पैसे साठवून पहिला डीएसएलआर कॅमेरा घेतला होता. वापरलेला होता, पण माझ्यासाठी नवाच! ती मुलगी म्हणाली, “सर, आमचा एक फोटो काढा ना. मी आजीजवळ राहणार हाय. आईला फोटो द्यायचाय, फडावर न्यायला.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई, ती आणि धाकटा भाऊ नवे कपडे घालून शाळेत आले. मी त्यांना व्हरांड्याच्या कडेला उभं केलं. मागे उन्हाने लखलखणारं पटांगण! मी भिंतीला पाठ लावली आणि बटन दाबलं. खटॅक! मागच्या पडद्यावर उजेडामुळे धड काही दिसेना. म्हटलं, एवढा महाग कॅमेरा आहे, चांगलाच काढला असेल.

तालुक्याच्या गावाहून फोटो छापून आणला. पटांगण सुरेख आलं होतं. माणसं मात्र तीन काळ्या सावल्या! मुलीने फोटो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “सर, आमचं तोंड कुठंय?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि पुन्हा फोटो काढावा, तर ट्रॅक्टर पहाटेच निघून गेला होता.

तेव्हा ठरवलं, पुढच्या दिवाळीपर्यंत हा कॅमेरा शिकायचाच.

कवडसा म्हणजे सूर्याचा फोटो

तुमच्या घरावर पत्रे असतील तर पत्र्याच्या बारीक भोकातून जमिनीवर पडणारा कवडसा पाहिला असेल. भोक कसंही वेडंवाकडं असो, कवडसा गोलच! का बरं? कारण तो भोकाचा नव्हे, सूर्याचा आकार असतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. म्हणजे अंधारी खोली आणि एक छिद्र एवढं असलं की चित्र तयार होतं. ‘कॅमेरा’ हा शब्दच मुळी ‘खोली’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे.

डीएसएलआर ही अशीच एक अंधारी खोली. छिद्राच्या जागी भिंग आणि आत एक तिरपा आरसा. भिंगातून आलेला उजेड आरसा वर वळवतो, म्हणून आपल्याला वरच्या खिडकीतून समोरचं दिसतं. बटन दाबलं की आरसा टुणकन वर उडतो, मागचा पडदा म्हणजे शटर उघडतं आणि उजेड सेन्सरवर पडतो. ‘खटॅक’ आवाज येतो तो याचाच!

सेन्सर म्हणजे उजेड मोजणाऱ्या बारीक ठिपक्यांची जाळी. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात १०० ओळींत प्रत्येकी १०० ठिपके होते. किती झाले? १०,०००. वजन साडेतीन किलोंहून जास्त, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत! माझ्या जुन्या कॅमेऱ्यात ४००० ओळींत प्रत्येकी ६००० ठिपके आहेत. हा गुणाकार तुम्हीच करा.

वाफ्याला पाणी, सेन्सरला उजेड

मग माझी चूक कुठे झाली? हे कळायला शेतातलं उदाहरण घेऊ. वाफ्याला पाणी देताना दोन गोष्टी बघतो. दारं किती रुंद फोडलं आणि किती वेळ उघडं ठेवलं. पाणी कमी पडलं तर वाफा कोरडा, जास्त झालं तर पीक पिवळं. सेन्सरचंही तसंच. उजेड कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर पांढराफटक.

दाऱ्याची रुंदी म्हणजे ॲपर्चर. त्याचे आकडे उलटे वाटतात. एफ/४ चं छिद्र मोठं, एफ/८ चं लहान. गोंधळलात? भाकरीचा चौथा भाग मोठा की आठवा? झालं तर मग! छिद्र मोठं ठेवलं तर जवळचा चेहरा स्पष्ट येतो आणि मागचं धूसर होतं. लहान ठेवलं तर मागचा डोंगरही स्पष्ट येतो.

दारं उघडं ठेवण्याचा वेळ म्हणजे शटरचा वेग. खो-खो खेळणारी मुलं टिपायला एका सेकंदाचा ५०० वा भाग ठेवला तर पळतं पाऊल जागच्या जागी थांबतं. १५ वा भाग ठेवला तर पाऊलही पुसट येतं आणि हात हलल्यामुळे बाकी सगळंही! पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात माझी अशीच फजिती झाली. १९९४ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात मोर दिसला, पण शटर सावकाश आणि लेन्स लहान. फोटोत आला तो एक पुसट निळा ठिपका! मोराच्या मागे पळायचं नसतं, हेही तिथेच शिकलो. आपण पळालो की तोही पळतो.

तिसरी गोष्ट आयएसओ. तिला जत्रेतल्या भोंग्याचा आवाज समजा. आवाज वाढवला तर दूर ऐकू जातं, पण खरखरही वाढते. आयएसओ वाढवला तर अंधारातही फोटो येतो, पण त्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात.

कॅमेऱ्याला सगळं करडं वाटतं

एवढं शिकूनही एक कोडं सुटत नव्हतं. वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढला, तर पांढराशुभ्र कापूस मळकट आला. बीड शहरात कुंडातल्या पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं प्राचीन मंदिर आहे. त्याच्या काळ्या दगडाचा फोटो काढला, तर दगड फिकट आला!

कारण असं, की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला कापूस कोणता आणि दगड कोणता हे कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं ते धरून चालतं. पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतं, काळं जास्त दिसलं की वाढवतं. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं चिन्ह असलेलं एक बटन असतं. कापसाला अधिक १ केलं, कापूस शुभ्र! मंदिराला उणे १ केलं, दगड काळा!

आणि त्याच दिवशी तो काळा फोटो मला उलगडला. मागचं पटांगण लखलखतं होतं. कॅमेऱ्याने ते पाहिलं, उजेड कमी केला आणि सावलीतल्या चेहऱ्यांना काहीच उरलं नाही. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. उजेड कुठून येतोय हे मी बघितलंच नव्हतं!

आता तुम्ही करून बघा

डीएसएलआर हवाच असं नाही, मोबाईलवरही हे जमतं. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवण्याआधी नव्या कॅमेऱ्याने काय टिपलं होतं, माहीत आहे? कुंडीत वाढणारा वाटाणा! हाताशी असेल तोच विषय घ्यायचा.

१. घरातला एक तांब्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच जागी ठेवून फोटो काढा. तिन्ही शेजारी ठेवून बघा.

२. आजीला खिडकीकडे पाठ करून बसवा आणि फोटो काढा. मग खिडकीकडे तोंड करून बसवा आणि पुन्हा काढा.

३. माणसाचा फोटो काढण्याआधी “काढू का?” असं विचारा. नाही म्हटलं तर काढायचा नाही.

४. कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे कधीही बघू नका. भिंग ऊन एकवटतं, डोळा कायमचा जाऊ शकतो.

पुढची दिवाळी

वर्षाने तिघं पुन्हा आले. या वेळी मी त्यांना कडुलिंबाच्या सावलीत उभं केलं, तोंड मोकळ्या आभाळाकडे. एफ/५.६, सेकंदाचा २०० वा भाग. पडद्यावर सावली धरून फोटो मोठा करून बघितला, मग मुलीच्या हातात कॅमेरा दिला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “आईचा दात दिसतोय!” आई हसली होती.

त्याच संध्याकाळी तालुक्याला जाऊन दोन प्रती छापून आणल्या. एक मुलीकडे, एक आईच्या पेटीत.

उन्हाळ्यात कुटुंब परत आलं. आईजवळच्या फोटोच्या कडा धुराने पिवळ्या पडल्या होत्या आणि वरच्या बाजूला भोक होतं. फडावरच्या कोपीत कुडाला तो खोचला होता, असं त्या म्हणाल्या.

तो पहिला, काळा फोटो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कॅमेरा उचलण्याआधी मी तो एकदा बघतो.