पिंजरा लावला, बिबट्या सोडला. पुढे काय झालं?

निसर्ग राखताना : भाग ७

गेल्या आठवड्यात ब्रिटनमधल्या वटवाघळांच्या पुलांची हकिगत पाहिली. वटवाघळं वाहनांवर आपटून मरू नयेत म्हणून रस्त्यावर उंच तारा ताणून हे पूल उभारले. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे उभं राहून मोजणी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला : बहुतेक वटवाघळं या तारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, वाहनांच्या उंचीवरूनच रस्ता ओलांडतात. आज चांगल्या हेतूने केलेल्या अशाच एका उपायाचं आपल्या दारातलं उदाहरण घेऊ, जुन्नरच्या बिबट्याचं.

कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं आणि जुन्नर भागात ऊस वाढला. वर्षभर उभा असणारा ऊस म्हणजे बिबट्याला दाट आडोसा. आजूबाजूला कुत्री, शेळ्या, डुकरं होतीच. बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मू लागल्या. ऊसतोडीच्या वेळी सरीत बछडी सापडणं तिथे नवलाचं राहिलं नाही. अधूनमधून माणसांवर हल्लेही होत. १९९३ ते २००१ या काळात त्यांचं प्रमाण वर्षाला सरासरी चार होतं.

मग २००१ पासून मोठ्या प्रमाणावर पिंजरे लागले. शेतात, वस्तीजवळ दिसलेले बिबटे पकडून जंगलात सोडले जाऊ लागले. जनावराला मारायचं नाही, माणसालाही त्रास नको, जंगलातलं जनावर जंगलात जाऊ दे. यात कोणाला काय वावगं वाटणार? गावकरी, वनखातं, प्राणिप्रेमी, सगळ्यांना पटेल असा तोडगा होता तो.

आणि हल्ले वाढले. वर्षाला चारावरून सरासरी सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याच्या नोंदींच्या आधारे हा हिशेब २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडला.

असं का व्हावं? बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. पाणी कुठे, लपायला जागा कुठे, माणसं कुठल्या वाटेने कधी जातात, हे त्याला ठाऊक असतं आणि त्या माहितीच्या जोरावरच तो माणसाला टाळतो. पिंजऱ्यात अडकलेला, गर्दीच्या कोलाहलाने बिथरलेला, दात-नखं पिंजऱ्याच्या गजांवर मोडून घेतलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला, की हे सगळं ज्ञान कुचकामी ठरतं. तिथे आधीचे बिबटे असतातच. मग तो घराकडे परतायला निघतो, वाटेत गावं लागतात. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, म्हणजे मूळ गावाचीही सुटका होत नाही.

सोडलेला बिबट्या जागेवर थांबत नाही, हे तर एका बिबट्याने चालून दाखवलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. हमरस्ते आणि वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. हाच ‘आजोबा’. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. बिबट्या सोडला म्हणजे तो सोडलेल्या जागी राहील, ही समजूत किती पोकळ होती ते या प्रवासातून कळलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. जुन्नरचा पुरावा ‘आधी आणि नंतर’ अशा तुलनेचा आहे. बिबटे न सोडलेला, बाकी सगळं तसंच असलेला दुसरा तालुका बाजूला ठेवून ही तुलना झालेली नाही. म्हणून हा पुरावा अखेरचा शब्द नाही. पण तो अंदाजापेक्षा फार मोलाचा आहे. त्याच्या बळावरच २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा सरसकट पकडण्या-सोडण्याला लगाम घातला.

पुराव्याचं हे मोल केंब्रिज विद्यापीठातले संशोधक विल्यम सदरलँड गेली दोन दशकं सांगत आहेत. डॉक्टर औषध देताना आधीच्या चाचण्या पाहतो, तसं वन्यजीवांसाठी उपाय निवडतानाही आधी कुठे काय केलं आणि काय निष्पन्न झालं ते पाहावं. त्यांच्या गटाने जगभरातले असे हजारो अभ्यास एकत्र आणून ते सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. फसलेल्या उपायांचीही नोंद तिथे आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. फसलेलं लिहून ठेवलं नाही, तर तीच चूक पुढच्या तालुक्यात नव्या उत्साहाने होते.

आता जुन्नर-शिरूर पट्ट्यात पुन्हा माणसं दगावली आहेत, लहान मुलंही. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराने पिंजऱ्याची मागणी केली तर तिला कोणी नावं ठेवू नयेत. तिथे तातडीने काहीतरी करावंच लागतं. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या कायमचा बंदिस्त करणं वेगळं आणि नुसता दिसला म्हणून उचलून दुसरीकडे सोडणं वेगळं, एवढा फरक मात्र पाळायला हवा. बिबट्यांच्या नसबंदीचा विचारही पुढे आला आहे. तो चांगला की वाईट हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. नसबंदी केलेली मादीही शिकार करतच राहणार, त्यामुळे हल्ल्यांवर परिणाम दिसायला वर्षं लागतील. म्हणून काही गावांत नसबंदी, तशाच काही गावांत नाही, आणि दोन्हीकडे पशुधनाचं नुकसान व हल्ल्यांची एकाच पद्धतीने नोंद, हे पहिल्या दिवसापासून ठरलं पाहिजे. मागाहून आकडे जुळवता येत नाहीत.

तुमच्या गावात पिंजरा लागला, तर वनपालांना तीन गोष्टी जरूर विचारा : पकडलेल्या बिबट्याला ओळखीसाठी चिप बसवली का, तो कुठे नेला आणि गेल्या पाच वर्षांतल्या हल्ल्यांची नोंद कुठे पाहायला मिळेल. ग्रामसभेत हे प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.